ओसीडीवरचा उपचार : नेमका कोणता, कसा आणि किती दिवस

आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो ओसीडी हा आजार एके काळी जवळजवळ असाध्य मानला जाई. वर्षानुवर्षं मनोविश्लेषण करूनही रुग्णाचं हात धुणं थांबत नसे. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर केलेल्या वेगळ्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. ज्या गोष्टींची त्यांना धास्ती वाटे, त्या गोष्टींच्या जवळ त्यांना नेलं जाई आणि त्यानंतर जे धुणं-पुसणं, जी कर्मकांडं ते करत, ती देखरेख ठेवून करू दिली जात नसत. दोघांतही चांगली सुधारणा झाली. या पद्धतीला आज ईआरपी म्हणजे ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ म्हणतात. ओसीडीसाठी मानसोपचारांमध्ये तिचं स्थान पहिलं आहे. पुढे १९८९ मध्ये क्लोमिप्रामिन हे औषध अमेरिकेत ओसीडीसाठी मंजूर झालं आणि त्यानंतर फ्लुओक्सेटीनच्या गटातली औषधं आली.

थोडक्यात, उपयोगी पडणारे उपचार बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहेत. तरीही असंख्य रुग्ण कित्येक वर्षं समुपदेशन घेतात, गोळ्या खातात, ध्यान करतात आणि होते तिथेच राहतात. यात त्यांच्या इच्छाशक्तीचा काही दोष नाही. ओसीडीला लागणारा उपचार साध्या काळजीवरच्या उपायांच्या बऱ्याच बाबतींत उलट्या दिशेने जातो. धीर देणं, मन दुसरीकडे वळवणं, ‘असा विचार करू नकोस’ म्हणणं हे सगळं मायेचं वाटतं, पण या आजारात तेच त्याला खतपाणी घालतं. म्हणून रुग्णाने आणि घरच्यांनी योग्य उपचार कसा चालतो हे समजून घेतलं पाहिजे. ते कळलं की आपल्याला मिळतोय तो योग्य आहे की नाही, हे ओळखता येतं.

आधी आजार चालतो कसा ते पाहू. मनात एक नकोशी शंका किंवा चित्र येतं. हाताला काहीतरी लागलंय. गॅस चालू राहिला. माझ्या हातून बाळाला इजा होईल. देव्हाऱ्यासमोर हात जोडलेले असताना देवाविषयी अभद्र शब्द मनात उमटतो. असे विचार निरोगी माणसांनाही येतात. रॅकमन आणि डिसिल्व्हा या संशोधकांनी १९७८ साली हे तपासलं, तेव्हा ओसीडी नसलेल्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी असे विचार येत असल्याचं सांगितलं. इतरांच्या मनात हा विचार येतो आणि विरून जातो. ओसीडी असलेल्याला मात्र त्या विचारात धोक्याचा इशारा दिसतो, जीव कासावीस होतो आणि ती तगमग शमवण्यासाठी तो काहीतरी करतो : धुतो, तपासतो, मोजतो, विचारतो, माफी मागतो. लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणंच मेंदूला शिकवतं की धोका खरा होता आणि या कृतीने टळला. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते आणि तीच कृती अधिक वेळा करावी लागते. खाज आली की खाजवल्यावर क्षणभर सुख वाटतं आणि खाज वाढत जाते, तसंच हे.

ही कृती बाहेरून दिसेलच असं नाही. मनातल्या मनात केलेला जप, ‘वाईट’ विचार ‘चांगल्या’ विचाराने खोडणं, कालचा प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून ‘मी काही चुकीचं तर केलं नाही ना’ हे पडताळणं, या सगळ्या कृतीच आहेत. त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून पुष्कळांना ‘फक्त विचार येतात, कृती काही नाही’ असं सांगितलं जातं आणि उपचार भरकटतो. बाळाला इजा करण्याचे विचार येणाऱ्या आईच्या बाबतीत तर हे फार क्रूर ठरतं. ती सुऱ्या लपवते, बाळाबरोबर एकटी राहायचं टाळते आणि लाजेने कोणाजवळ बोलत नाही. तिला हे विचार असह्य होतात, कारण ते तिच्या स्वभावाच्या, तिच्या मायेच्या पूर्ण विरुद्ध असतात. ओसीडीतल्या अशा विचारांमुळे माणूस हिंसक होत नाही. हे तिला कोणीतरी एकदा नीट सांगायला हवं, आणि मग उपचाराकडे वळायला हवं.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. धुण्या-पुसण्याचा ओसीडी सोवळ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं झाकून राहतो. ‘तिचं सोवळं फार कडक’, ‘त्याला स्वच्छतेची आवड’ असं म्हणत अख्खं घर त्या नियमांत बसतं. मग देवऋषी, शांती, ग्रहांचे खडे यांत काही वर्षं जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळलं. म्हणजे हजार माणसांमागे सुमारे आठ. शिस्त आणि आजार यांतला फरक ओळखायला सोपी खूण अशी : या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यांच्यापायी नोकरी, शाळा, झोप, नाती यांची हानी होत असेल, तर तपासून घ्यायची वेळ आली आहे.

तपासणीसाठी प्रथम मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर. तो निदान करतो आणि औषधं देऊ शकतो. ईआरपी बहुधा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक हा तिसरा. काही समुपदेशकांनी ईआरपीचं चांगलं प्रशिक्षण घेतलेलं असतं, पुष्कळांनी घेतलेलं नसतं, आणि पाटीवरून ते समजत नाही. विचारावं लागतं. नीट तपासणी झाली तर एक प्रश्नावलीही भरून घेतली जाते. ती येल-ब्राऊन मोजपट्टी, १९८९ पासून वापरात असलेली. दहा प्रश्न, एकूण गुण ४०. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ ते ३१ म्हणजे तीव्र, त्यावर अतितीव्र. उपचाराच्या सुरुवातीचे गुण लिहून ठेवा. ३५ टक्के किंवा जास्त घट झाली तर उपचार लागू पडतोय असं मानतात. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला दिवसागणिक वेगळं उत्तर येतं. आकड्याचं तसं होत नाही.

आता ईआरपी. उदाहरणादाखल एक शिक्षिका घेऊ, जिला गॅसची शंका येते. घरातून निघताना ती शेगडीची बटणं बारा वेळा बघते, रेग्युलेटर बंद करते, त्याचा फोनवर फोटो काढते, वाटेत तो फोटो उघडून पाहते, तरीही कोपऱ्यावरून परत फिरते आणि शाळेत पोचल्यावर नवऱ्याला फोन करते : ‘गॅस बंद आहे ना?’ तो म्हणतो, ‘हो गं, बंद आहे.’ तासाभरात पुन्हा फोन.

पहिल्या दोन-तीन बैठकांत उपचार करणारी व्यक्ती तिच्याबरोबर यादी करते. कोणत्या प्रसंगी शंका येते, त्या वेळी तगमग ० ते १०० मध्ये किती, आणि ती शमवायला ती काय काय करते. यादीत फोटो हवा, नवऱ्याचा फोन हवा, मनात ‘बटण उभं होतं, बटण उभं होतं’ असं घोकणंही हवं. एखादी कृती यादीतून निसटली तर ती पुढे चोरवाटेने चालूच राहते आणि मेहनत वाया जाते. मग पायऱ्या ठरतात. चाळीसच्या तगमगीचा प्रसंग आधी : घरात नवरा असताना चहा करायचा, बटण एकदा बंद करायचं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, परत बघायचं नाही. पुढे : फोटो न काढता खाली दुकानापर्यंत जाऊन यायचं. पुढे : घरातून सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं, नेहमीप्रमाणे एकदा बंद करून, आणि थेट शाळेत. त्याही पुढे : वाटेत स्वतःला मुद्दाम म्हणायचं, ‘कदाचित राहिलाही असेल चालू’, आणि चालत राहायचं.

हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा येतो, पण उपचाराचा गाभा तिथेच आहे. गॅस चालू ठेवायला कोणी सांगत नाही. धोका पत्करायचा तो एवढाच, जेवढा प्रत्येक माणूस रोज पत्करतो. तिला शिकायचं आहे ते शंभर टक्के खात्रीशिवाय जगायला. ‘गॅस बंदच आहे’ याचा पुरावा उपचारातून मिळत नाही, आणि तो मागण्याची गरज कमी होत जाते.

तगमग सुरू झाली की काय करायचं? काहीच नाही. दीर्घ श्वास, रामनाम, मोबाइलवर गाणी, कशानेही ती दाबायची नाही. ती चढते, काही काळ टिकते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते. एखाद्या दिवशी उतरत नाही, तरीही त्या बैठकीला अपयशी म्हणू नये. जे होईल अशी भीती होती ते झालं नाही, आणि मी ही अस्वस्थता घेऊनही वर्ग शिकवू शकले, हे शिकणं महत्त्वाचं. म्हणून प्रयोगाआधी लिहायचं : ‘मला काय होईल असं वाटतं?’ आणि नंतर लिहायचं : ‘काय झालं?’ एकच प्रयोग रोज, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करायचा. बैठक आठवड्यातून एक-दोनदा, एकूण साधारण १३ ते २०. पण सुधारणा होते ती मुख्यतः बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी केलेल्या सरावाने. चांगले उपचारक गरज पडली तर रुग्णाच्या स्वयंपाकघरात येतात, त्याच्याबरोबर रेल्वे स्टेशनच्या कठड्याला हात लावतात, आणि रुग्णाला जे करायला सांगतात ते आधी स्वतः करतात.

विचार मनातच असतील तर पद्धत थोडी बदलते. सुऱ्या लपवणारी आई त्या भीतीची गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिते, मोठ्याने वाचते, ध्वनिमुद्रित करून ऐकते, आणि बाळ शेजारी असताना भाजी चिरते. मनातल्या मनात खोडणं, पडताळणं आणि माफी मागणं बंद. देवाविषयीच्या विचारांसाठीही तेच. यातून कोणाची श्रद्धा मोडायची नसते. श्रद्धेच्या जागी बसलेली धास्ती काढायची असते. एखाद्या समजूतदार गुरुजींशी बोलून नेहमीच्या पूजेत किती चुका चालतात हे एकदा ठरवून घेतलं तर मदत होते. एकदाच मात्र, पुन्हा पुन्हा विचारलं की तेही कर्मकांडच.

ईआरपीच्या नावाने काय चालतं, हेही सांगायला हवं. विचार आला की मनगटावर रबर बँड ओढून सोडणं, मनात ‘थांब!’ ओरडणं, वर्षभर फक्त बालपणाविषयी बोलणं, दर आठवड्याला ‘तुझ्या हातून असं काही होणार नाही’ अशी समजूत घालणं, नुसतं शवासन आणि सकारात्मक विचार. यांतल्या काही गोष्टी इतर त्रासांत उपयोगी असतील. ओसीडी त्यांनी हटत नाही, आणि समजूत घालण्याने तर वाढतो.

औषधांकडे वळू, कारण इथे सर्वाधिक घोटाळा होतो. ओसीडीसाठी पहिली निवड एसएसआरआय गटाची : फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, पॅरॉक्सेटीन, एस्सिटालोप्राम. हीच औषधं नैराश्यातही देतात, पण ओसीडीला बहुधा जास्त मात्रा आणि जास्त वेळ लागतो. नैराश्यात फ्लुओक्सेटीन २० मिलिग्रॅमवर भागतं. ओसीडीत ६० ते ८० पर्यंत जावं लागू शकतं. सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुव्होक्सामिन ३०० पर्यंत. मात्रा डॉक्टरच हळूहळू वाढवतात, आपण नव्हे. परिणाम ठरवायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात, आणि त्यांतले निदान ४ ते ६ आठवडे पुरेशा मात्रेवर. कमी मात्रेवर महिनाभर राहून ‘मला औषध लागू पडलं नाही’ म्हणत डॉक्टर बदलणारे रुग्ण पुष्कळ. मग नवा डॉक्टर नवं औषध पुन्हा तळापासून सुरू करतो. म्हणून एक वही ठेवा : औषधाचं नाव, सर्वांत जास्त मात्रा, त्या मात्रेवर किती आठवडे, काय फरक पडला, काय त्रास झाला. हे एक पान जाड फायलीपेक्षा डॉक्टरला अधिक कामाचं ठरतं.

सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, झोपेत फरक, बेचैनी होते; बहुतेकांत ती काही आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छा आणि समाधान कमी होणं हा दुष्परिणाम टिकू शकतो, आणि त्यावर डॉक्टरकडे उपाय असतात. संकोच सोडून सांगा. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावं लागतं. या गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर आणि अस्वस्थता येते. बरं वाटू लागल्यावरही त्या एक ते दोन वर्षं चालू ठेवायच्या आणि मग हळूहळू कमी करायच्या. मध्येच सोडल्यास आजार परतण्याची शक्यता मोठी. झोपेच्या आणि काळजीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ओसीडीवर उपचार करत नाहीत. त्यांची सवय लागते, आणि ईआरपीत जी तगमग अनुभवायची तीच त्या झाकतात. तुमच्या चिठ्ठीवर फक्त त्याच असतील तर प्रश्न विचारा.

एसएसआरआय गटातली दोन औषधं नीट देऊनही भागलं नाही तर क्लोमिप्रामिन. ते प्रभावी आहे, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम यांमुळे ईसीजी काढून देतात. किंवा चालू औषधाला रिस्पेरिडोन वा अरिपिप्राझोलची छोटी मात्रा जोडतात. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना तिचा फायदा होतो. पण त्याआधी ईआरपी झाली आहे का, हे पाहावं. २०१३ साली अमेरिकेत १०० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे औषध घेत होते, पण पुरेसे बरे नव्हते. त्यांच्या उपचारात ईआरपी जोडल्यावर ८० टक्के रुग्णांना लक्षणीय फायदा झाला. रिस्पेरिडोन जोडल्यावर २३ टक्के, खोट्या गोळीने १५ टक्के. माझ्या मते चिठ्ठीवर चौथं औषध लिहिण्याआधी प्रत्येक डॉक्टरने हे आकडे आठवावेत. फारच हट्टी आजारात चुंबकीय उत्तेजन म्हणजे आरटीएमएस आणि अगदी निवडक रुग्णांत मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया यांचाही विचार होतो, पण ती पुढची गोष्ट.

घरच्यांचं काम अवघड आहे. प्रेमापोटी आपण आजाराचे मदतनीस होतो. बाहेरून आल्यावर सगळ्यांनी आंघोळ करायची, तिच्यासाठी दारं उघडायची, दिवसातून वीसदा ‘हो, स्वच्छ आहे’ म्हणायचं. उपचार सुरू झाला की हे बंद व्हायला हवं, पण एका रात्रीत आणि रागाने बंद केलं तर रुग्ण कोसळतो. उपचारकाबरोबर बसून ठरवा की या आठवड्यात कोणता एक प्रश्न टाळायचा आणि त्याऐवजी काय बोलायचं. शिक्षिकेचा नवरा फोनवर एवढंच म्हणेल : ‘ही ओसीडीची शंका आहे असं मला वाटतं. तू ती सोसू शकतेस. उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याबरोबर आहे.’ टोमणे, शपथा, ‘एवढं साधं कळत नाही का’ हे पूर्ण वर्ज्य. तिला कळतंच. कळून थांबत नाही, तोच तर आजार आहे. मुलांच्या ओसीडीत तर आईवडिलांचा सहभाग नसेल तर उपचार अर्धाच राहतो.

पहिल्या भेटीतच उपचारकाला विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुम्ही ओसीडीच्या किती रुग्णांना ईआरपी दिली आहे? बैठकीत नेमकं काय कराल? घरी कोणता सराव द्याल? प्रगती कशी मोजाल? ‘आपण बोलू, हळूहळू बघू’ एवढंच उत्तर आलं तर आभार मानून दुसरीकडे चला. प्रामाणिक उपचारक ‘मला ईआरपीचा अनुभव नाही’ असं सांगून दुसऱ्याचं नाव देतो, त्याचं ऐका.

गावात ईआरपी जाणणारं कोणी नसेल तर व्हिडिओवरून घेता येते. गॅस, कुलूप, संडास, देव्हारा हे सगळं घरीच असल्यामुळे तिचे काही फायदेही आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, मुंबईच्या केईएम आणि पुण्याच्या ससूनसारख्या ठिकाणी, मनोविकार विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली डॉक्टर आणि औषधं मिळू शकतात. बरेच उपचार करूनही गुण न आलेल्यांसाठी बंगळूरच्या निम्हान्समध्ये ओसीडीचं खास क्लिनिक आहे, आणि गरज पडल्यास तिथे दाखल करूनही उपचार होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच तरतूद करणं बंधनकारक केलं आहे. मात्र बहुतेक विमा फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात, तेव्हा आपली पॉलिसी वाचून घ्या.

कोणाकडे जावं हेच कळत नसेल, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येतं. फोन लागला की ओसीडीची शंका आहे आणि जवळपास ईआरपी कुठे मिळेल हे हवं आहे, असं स्पष्ट सांगा.